कोठीच्या दारात उभी असलेली बाई

थॉर्नशॉ, मंगळवार, दुकान बंद केल्यावर

तीर्थरूप ॲडाताईस,

धाकट्या विल्फचा नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण हल्ली घरात त्याचंच चालतं असं मागच्या पत्रात तूच लिहिलं होतंस. दाजींचा खोकला कसा आहे? त्यांच्या वाफ्यातले लीकचे कांदे यंदा मनगटाएवढे जाड झालेत असं बसवाल्याकडून कळलं, आनंद वाटला (भाज्यांचं प्रदर्शन होईपर्यंत ते कुणाला दाखवू नका म्हणावं, मागच्या वर्षी काय झालं ते आठवतंय ना). तू पाठवलेला आल्याचा केक पोचला आणि संपलाही. इकडे मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण ताई, खरं सांगायचं तर मी हादरलो आहे. दोन सिनेमांनी हादरलो आहे, त्यातल्या एकाने जास्त, आणि ज्याने हादरायला हवं होतं त्याने नव्हे.

वर्तमानपत्रात तू वाचलं असशीलच की थॉर्नशॉच्या देखरेख समितीने एका सिनेमावर बंदी घातली आणि समितीचा अध्यक्ष तुझा भाऊ आहे. त्यांनी माझा फोटोही छापलाय, तो माझ्या हेटीच्या अंत्यविधीच्या दिवशीचा आहे, म्हणून मी तसा दिसतो. खरं काय घडलं ते त्यात एका ओळीनेही आलेलं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. तुला माहीतच आहे, लंडनच्या मंडळींनी सिनेमावर कसलाही शिक्का मारलेला असो, आमच्या गावात तो चालवायचा की नाही हे आमची नगरपालिका ठरवते. एरवी आम्ही या भानगडीत पडत नाही. पण एनॉकने (आपला एनॉक बॅराक्लफ, शाळेत माझ्या बाकावर बसणारा, रीगल सिनेमाचा मालक) एकाच आठवड्यासाठी दोन सिनेमे मागवले, एक हेराचा आणि एक आकाशातून पडलेल्या गोळ्याचा, आणि चॅपलमधल्या बायकांनी गोळ्याची जाहिरात पाहून तक्रार केली. एनॉकची अवस्था तुला ठाऊक आहे. घरोघरी टेलिव्हिजन आल्यापासून रीगलमध्ये माणसांपेक्षा खुर्च्यांची गर्दी जास्त. रीगल घेऊन तिथे आकड्यांचा जुगार मांडायला बिंगोवाले त्याच्या मागे हात धुऊन लागलेत, येत्या सोमवारी ते जमीन मोजायला येणार आहेत. हे दोन सिनेमे एक आठवडा जोरात चालले तर हिवाळा निभावेल, नाहीतर आपण जिथे लहानाचे मोठे झालो तिथे बायका आकडे ओरडत बसणार. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी जे केलं ते केलं.

समिती म्हणजे मी, ऑर्मरॉडबाई आणि सेप्टिमस खाटीक. सकाळी सकाळी रिकाम्या रीगलमध्ये जाऊन बसलो. बाईंनी विणकाम आणलं होतं (अंधारातही त्यांचा टाका चुकत नाही, हे त्या स्वतःच सांगतात), सेप्टिमसने ॲप्रन अंगावर तसाच ठेवला होता, आणि एनॉकने चहा-बिस्किटं मांडली होती, लग्नात वरपक्षाची बडदास्त ठेवावी तशी. वर यंत्रापाशी म्हातारा सायलस. त्या माणसाने जन्मभर सिनेमे दाखवले आणि एकही पाहिला नाही, कारण त्याचं लक्ष सगळं रीळ बदलायच्या खुणेकडे.

आधी हेराचा लावला. ताई, हा सिनेमा मुलांनी आईबापांसोबत पाहावा असा लंडनचा शिक्का आहे. त्यात एक देखणा गृहस्थ आहे, कपडे उत्तम, आणि तो सरकारी नोकर आहे असं म्हणतात. मी नगरपालिकेत इतकी वर्षं काढली, सरकारी नोकर असा असतो हे मला नवीन होतं. कामाच्या वेळेत दारू पितो. ओळख करून न देता बायकांचे मुके घेतो, त्या बायकाही याला आडनाव विचारत नाहीत. एका माणसाला त्याने अंघोळीच्या टबात बुडवून मारलं, वर काहीतरी चुरचुरीत बोलला, आणि टॉवेल न उचलता निघून गेला. ओला टॉवेल तसाच जमिनीवर. मी बाईंकडे पाहिलं, म्हटलं आता या उठून जातील. बाई म्हणाल्या, "भांग किती सरळ पाडलाय बघा हो त्याने."

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. यातला जो दुष्ट माणूस आहे त्याने डोंगराच्या पोटात कारखाना काढलाय. एकसारखे कपडे घातलेली शेकडो माणसं तिथे राबतात. मी लोखंडी सामानाचा दुकानदार, माझं लक्ष लगेच तिकडे. एवढ्या माणसांना जेवायची सोय कुठे आहे? संडास कुठे आहेत? घरी काय सांगून येत असतील ही माणसं? कुणीतरी जाहिरात वाचून, मुलाखत देऊन लागलं असेल ना तिथे. आणि शेवटी हेरसाहेबांनी एक कळ दाबली, अख्खा डोंगर आत असलेल्या माणसांसकट उडाला, आणि हे महाशय एका बाईबरोबर नावेत बसून हसताहेत. शेकडो माणसं गेली, ताई, आणि कुणी टोपीसुद्धा काढली नाही. आपल्या गिरणीला आग लागली तेव्हा आठवतंय? घरोघर वर्गणीचा डबा फिरवला होता, बाबांनी स्वतःचा कोट विकला. इथे विधवांसाठी डबा फिरवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दिवे लागले तेव्हा सेप्टिमस म्हणाला, "झकास आहे, बघण्यासारखा आहे." बाईंनी मान डोलावली. मीही डोलावली, कारण मला जे खटकत होतं त्याला नाव देता येईना.

मग गोळ्याचा. हा फक्त प्रौढांसाठी, दुर्बल हृदयाच्या माणसांनी पाहू नये अशी दाराशी पाटी. आम्ही कंबर कसून बसलो. सुरुवातीलाच एका शेतात आकाशातून गोळा पडतो, आणि त्यातून काहीतरी चिकट, फुगणारं बाहेर येतं. पण ताई, गाव कुठलं म्हणशील तर हुबेहूब आपलं. तेच पोस्ट, तीच पावसात उभी राहिलेली बसची रांग. त्या चिकट जिवाने पहिल्यांदा दूधवाल्याला खाल्लं. सेप्टिमस लगेच म्हणाला, "रक्त असं नसतं, ही बीटाची चटणी आहे." (सिनेमा काळापांढरा होता, पण खाटकाशी वाद कोण घालणार.) आणि मग काय झालं असेल? सगळं गाव दूधवाल्याच्या अंत्ययात्रेला गेलं. त्याच्या दुधाच्या गाडीची घोडीसुद्धा. पोस्टमास्तरीणबाई रडल्या, पाद्रीबाबांचा आवाज बसला, आणि कुणीतरी हळूच म्हणालं की उद्यापासून दूध कोण टाकणार. एक माणूस मेला तर गावाचं काय होतं हे त्या चिकट गोळ्याच्या सिनेमाला ठाऊक होतं. मी अंधारात रुमाल काढला. बाईंना सांगितलं, सर्दी आहे.

त्यात एक शास्त्रज्ञ आहे, तो बिनकामाचा, नुसता भिंगातून बघतो. खरी आहे ती त्याची बायको. मोज्यांना रफू करता करता तिच्या लक्षात येतं की जीव ओलसर अंधारात वाढतो. शेवटाकडे नवरा गावाबाहेर सैन्याला आणायला गेलेला, घरात ती एकटी, आणि स्वयंपाकघरातल्या कोठीतून लोणच्याच्या बरण्या हलल्याचा आवाज येतो. ती चिमटा हातात घेऊन कोठीच्या दारापाशी जाते. ॲप्रनची गाठ मागे न मारता पुढे पोटावर मारलेली, आपली हेटी लग्न होऊन आल्यापासून मारायची तशी. मी तेव्हाच खुर्चीच्या टोकाला आलो. दाराची कडी हलली. ती दोन स्क्रूवर लावलेली होती, चार लागतात. बिजागऱ्यांच्या खिळ्या स्वयंपाकघराच्या बाजूला होत्या, म्हणजे दार तिच्याच अंगावर उघडणार, आतून रेटलं की संपलं. हे तिला कोण सांगणार? तिने कडीला हात घातला.

आणि त्याच क्षणी ऑर्मरॉडबाईंच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळला, खुर्च्यांखालून गेला आणि सेप्टिमसच्या घोट्याला लागला. रोज सकाळी उभं डुक्कर फाडणारा माणूस, ताई, पण तो जे किंचाळला ते म्हणे बाजारापर्यंत ऐकू गेलं. त्या किंचाळण्याने बाई घसरून खाली बसल्या, एनॉक हुंगायच्या नवसागराची बाटली घेऊन धावला, आणि वर सायलसने घाबरून यंत्र बंद करून दिवे लावले. इथवर सगळं ठीक होतं. पण सायलसच्या हाताला जन्माची सवय, शेवटच्या सिनेमानंतर दिवे लागले की हात आपोआप ग्रामोफोनच्या तबकडीकडे जातो. राष्ट्रगीत सुरू झालं.

आता तू सांग, काय करणार? आम्ही उभे राहिलो. बाई एनॉकच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या, सेप्टिमस एका पायावर, कारण दुसऱ्याला लोकर गुंडाळलेली. गीत संपलं. आणि राष्ट्रगीत झाल्यावर पुन्हा खाली बसून चिकट गोळ्याचा सिनेमा बघणं हे आपल्या गावात आजवर कुणी केलेलं नाही, अध्यक्षाने तर नाहीच. सगळे एकमेकांकडे बघताहेत, पहिला कोण बसतो. कुणी बसेना. तेवढ्यात गिरणीचा बाराचा भोंगा झाला, घरोघरी जेवणं वाढलेली. बाई म्हणाल्या, "मग काय ते उरकून टाकू या." हेराचा सिनेमा एकमताने पास. गोळ्यावर बंदी, तीही एकमताने. त्या एकमतात माझा हात होता. मी बघतोय तर तो वर गेलेला. एनॉक उरलेली बिस्किटं डब्यात भरायला लागला. त्याचं ते बिस्किटं भरणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दुपारच्याच गाडीने रिळं तुमच्या रेव्हन्सबीला गेली, कारण तिथली नगरपालिका असल्या गोष्टी मनावर घेत नाही. इथे रीगलमध्ये नुसता हेर, आणि त्याला माणसं बेताचीच. गाव सगळं बस भरभरून तुमच्याकडे गोळा बघायला चाललंय. एनॉक माझ्याशी बोलेनासा झाला. गेल्या शनिवारी मी आमच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसलो तर शेजारच्या खुर्चीवर त्याने झाडू ठेवला होता.

असो. तुझ्या गुडघ्याला गरम मिठाची पिशवी लाव, थंडीत बाहेर पडू नकोस, आणि सिनेमाच्या तर जवळपासही फिरकू नकोस, हेराच्या तर अजिबात नको. दाजींना नमस्कार, मांजराला थोपटणे.

तुझा,
विल्फ

ता. क. केकचा डबा परत करायचा राहिला. पोस्टाने चेमटेल, तेव्हा शनिवारी दुपारच्या बसने मीच घेऊन येतो.

ता. क. २. पत्र पाकिटात घालणार एवढ्यात एनॉक दुकानात आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. खिळ्यांच्या खोक्याशी उगाच चाळा करत उभा राहिला आणि म्हणाला, "विल्फ्या, तुला शरम नाही ती नाहीच. पण एक सांग, त्या कोठीत होतं काय रे?" तो बाईंना नवसागर हुंगवत होता, त्यानेही पाहिलेलं नाही. सायलसचं तर विचारूच नकोस. मी म्हटलं, मला माहीत असतं तर मी असा दिसलो असतो का. मग आम्ही दोघंही कोठीच्या दाराबद्दल बोलत बसलो, चहा दोनदा झाला. तेव्हा ताई, शनिवारी मी एकटा नाही, एनॉकही आहे. गुडघ्याचं मघाशी जे लिहिलं ते विसर, सकाळीच जाऊन रांगेत उभी राहा आणि दोन जागा धर, मागच्या ओळीत, खांबाआड. कुणी विचारलं तर आम्ही दाजींचे लीक बघायला आलोय.

ता. क. ३. जागा चार धर. आत्ता ऑर्मरॉडबाई येऊन गेल्या. कोठीच्या दारासाठी भक्कम कडी हवी होती, चार स्क्रूची. (या आठवड्यात गावात एवढ्या कड्या खपल्या की माझ्याकडे एकच उरली होती.) पैसे देताना त्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, शनिवारी रेव्हन्सबीला जाणारी बस किती वाजता असते. सेप्टिमसही बरोबर आहे. नियम असा आहे की समितीने पूर्ण सिनेमा पाहिला तर निर्णय फिरवता येतो, आणि रविवारी चॅपलनंतर बैठक घेतली तर सोमवारी बिंगोवाले येण्याआधी एनॉकच्या हातात कागद पडतो. हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही, उगाच आशा नको लावायला.

ता. क. ४. तू तो आधीच पाहिला असशील तर (तू पाहिलाच असशील, मी तुला लहानपणापासून ओळखतो) शेवट मला सांगू नकोस. फक्त ती बाई वाचली का एवढं आम्ही दारात आल्यावर मानेने सांग. हेटीसारखी गाठ मारलेली बाई मी त्या दारापाशी एकटी सोडली आणि राष्ट्रगीताला उभा राहिलो, हे मला सहन होत नाही. ती वाचली असेल तर बंदी उठवीन. वाचली नसेल तरी उठवीन, कारण मग तिच्या अंत्ययात्रेला सगळ्या गावाला जाता आलं पाहिजे.