शेवटचं प्रकरण यमीनं आधीच लिहून ठेवलंय

वैशाख व. ४, शके १८१६. ठाणे.
लग्न पार पडलं. माझी ठकी यमीची सून झाली. अंग मोडून आलंय, पण त्याहून डोकं जास्त.
कल्याणच्या शाळेत एका पाटीवर मुळाक्षरं गिरवलेली यमी, आणि काल भर मांडवात मी तिचे पाय धुतले! वरमाय ना ती. धुताना तिच्या करंगळीला हळूच चिमटा काढला. वाटलं, फिस्सकन हसेल. कुठलं काय! वर मान करून म्हणते, "पाणी जरा कोमट असतं तर बरं झालं असतं, विहीणबाई."
विहीणबाई! मागे तिची सासू उभी होती, मान्य. पण डोळ्यांनी हसायला कोण नको म्हणतं?

वैशाख व. ८
ठकीचं सासरचं नाव कळलं. चंपा. मी कपाळावर हात मारला.
आमच्या कादंबरीतली चंपा! तीन वर्षं मिळून लिहितोय, एक प्रकरण माझं, एक यमीचं. दोन मैत्रिणी, भातुकलीपासून थेट विहिणी होईपर्यंत. यमी शेजारणींना वाचून दाखवते, त्यामुळे चंपा म्हणजे मी नि मालती म्हणजे यमी, हे कल्याणात तिच्या आळीला पाठ आहे. आता सुनेचंही तेच नाव. उद्या चंपाबद्दल एक वेडीवाकडी ओळ लिहिली तर ती माझ्या पोरीच्या माथी. यमीला विचारलं असतं तर म्हणाली असती, "अगं, हौस!" तिची हौस.

ज्येष्ठ शु. २
छापखानेवाल्यांचा निरोप. एकवीस प्रकरणांचे खिळे जुळवून झाले, बाविसावं पाठवा. शेवट गोडच हवा, बायका वाचणार आहेत.
बाविसावं यमीनं दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. तिला नेहमी आधी शेवट लागतो. आज बाहेर काढून वाचलं. 'दोघी विहिणी एका पाटावर बसून एका ताटात जेवल्या, आणि बालपण परत आले.' संताप संताप झाला. जास्त संताप माझाच, कारण तेव्हा हे ऐकून मी रडले होते. आणि यावरूनच सुचलं की ठकी आणि यमीचा दत्तू... आधी कादंबरीत जमवलं, मग खरोखर जमवलं. काय शहाण्या बायका!

ज्येष्ठ शु. ५
इकडून कोर्टातून आल्यावर विचारणं झालं, "सगळं ठीक, पण तुमच्या कादंबरीत नायक कुठाय?" हे तिसऱ्यांदा. नाही म्हणून सांगितलं. "मग ती कादंबरी कसली?" मी उठून आत गेले. भात करपत होता.

आषाढ शु. ११
उपास. फराळाचं आटपून प्र. २२ नव्यानं लिहिलं, एका बैठकीत. पाय धुणं, कोमट पाणी, चिमटा, सगळं. नंतर चंपा विचार करते की आपण मैत्रीण जपायला गेलो आणि तिला गमावून बसलो. इतकं बरं मी कधी लिहिलं नव्हतं, हे माझं मलाच कळलं.
इकडून वाचणं झालं. पहिल्यांदाच नायकाचं नाव निघालं नाही. कागद नीट लावून परत देणं झालं. मग, "ठकी कुठं नांदतेय, ते ध्यानात आहे ना?"
आहे. दुसरं काही ध्यानात राहतच नाही.

श्रावण, दुसरा मंगळवार. कल्याणहून आल्यावर.
ठकीची मंगळागौर. पोर वाळलीय. आजेसासूनं पुस्तक हाती घ्यायला बंदी केलीय. वाचणाऱ्या सुना उलटून बोलतात म्हणे. आणि यमी हे ऐकून घेते! स्वतः कादंबरी लिहिणारी यमी!
मी घरून पाण्याचा तांब्या नेला होता. लेकीला मूल होईतो तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ठकी अकराची. म्हणजे अजून किती वर्षं, कोण जाणे. याच घरात मी न विचारता शिंक्यातलं दही काढून खायची.
दुपारी सगळ्या पूजेच्या खोलीत असताना यमीला मागच्या पडवीत गाठलं. नवं प्रकरण दिलं. उभ्यानं वाचलं तिनं. संपल्यावर पुन्हा पहिल्या पानावर गेली.
"चिमटा लागला होता गं," म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा अगं-तुगं.
"मग हसली का नाहीस?"
"हसले असते तर आमच्या म्हातारीनं तो राग ठकीवर काढला असता. तुला वाटतं मला हौस होती?"
मी म्हटलं, "हेच लिही ना मग. मालतीच्या तोंडून."
तर एकदम चिडली. "लिही म्हणे! छापलं की म्हातारी वाचून घेईल कुणाकडून तरी. मग तुझी पोर माहेरी पाठवतील, आणि परत कधी आणायची ते मी नाही ठरवत, काशे. त्या घरात मी काहीच ठरवत नाही."
आणि माझा तांब्या उचलून वरून घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं! "तुला माझं चालत नाही. मला तुझं चालतं," म्हणाली आणि आत गेली.
ठाण्यापर्यंत घसा कोरडा. एवढा राग आला, एवढी माया आली, काय सांगू.

श्रावण व. ९
छापखान्याचा माणूस उद्या येणार. यमीला दोन पत्रं घातली, गोड छापू की खरं? उत्तर नाही. नेहमीसारखं सगळं माझ्या गळ्यात.

श्रावण व. १०
सकाळच्या गाडीनं ठकी आली! यमीच्या घरच्या म्हाताऱ्या मोलकरणीबरोबर, बोचकं घेऊन. न सण, न निरोप.
"किती दिवसांसाठी गं?"
"यमूमावशी म्हणाली, आई सांगेल तितके दिवस."
सासूबाई म्हण, म्हणून दटावायला हवं होतं. दटावलं नाही.
"आणखी काही म्हणाली?"
"तिनं आजेसासूबाईंना सांगितलं की तू आजारी आहेस. खोटंच. आणि मला म्हणाली, आईला सांग, मी विचार करून पाठवलंय."
स्वयंपाकघरात जाऊन पदराला तोंड पुसून आले. माझ्या दोन पत्रांना हेच उत्तर. ही बाई जन्मात कधी एक गोष्ट धडपणे लिहून कळवणार नाही.
छापखान्याचा माणूस ओटीवर बसलाय. ताक दिलंय. दोन्ही प्रकरणं माझ्या मांडीवर आहेत, आणि ठकी समोर पालथी पडून कुठलंसं जुनं मासिक वाचतेय, पाय हलवत, लग्नाआधी वाचायची तश्शी. तिला परत पाठवायचं तर गोड, ठेवून घ्यायचं तर खरं.