तांदळाच्या डब्यावरची वही

२० डिसेंबर, शनिवार. सकाळी ६.१०
दिवाळीत सुरू केलेली वही काल भरली. दोनशे पानं. राग असला की पानं लवकर भरतात. आजपासून नवी वही आणि नवी मी. रागावणार नाही. रागावले तरी लिहिणार नाही. लिहिलं तरी मागची पानं उलटून वाचणार नाही. मी पुढे बघणारी बाई आहे.

वही नेहमीच्या जागी, स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर. लपवायची गरज नाही. अभय माझे मेसेजसुद्धा शेवटपर्यंत वाचत नाही. पूर्वा दुसरीत आहे आणि तिला स्वतःचं अक्षर वाचायचाही कंटाळा. सासूबाईंना वाचता येत नाही. घर पूर्ण सुरक्षित.

पण हीच लाजेची गोष्ट आहे. माहेर आणि सासर मिळून पहिली पदवीधर मी. बी. ए., समाजशास्त्र. आणि माझ्याच घरात सासूबाई फॉर्मवर अंगठा उठवतात.

संकल्प: नाताळच्या सुट्टीत आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) वाचायला शिकवणे. तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. विहारात महिला मंडळाचा कार्यक्रम असतो. तिथे आई स्टेजवर उभ्या राहून संविधानाची उद्देशिका वाचतील. मंडळाच्या अध्यक्ष इंदुबाईंना लगेच फोन करून नाव दिलं. त्या म्हणाल्या, कांताबाई? खडकी बाजारात भाजीच्या गाळ्यावर बसायच्या त्या? अगं, त्यांना कुठे वाचता येतं? मी म्हटलं, तीन तारखेला येईल.

आईंना विचारायचं राहिलं. चांगल्या कामाला विचारायचं काय.

२१ डिसेंबर, रविवार
आईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, माझं नाव द्यायच्या आधी मला विचारायची पद्धत तुमच्या कॉलेजात नव्हती का? मी शांतपणे समजावलं. अभय म्हणतो मी ओरडले. ओरडले नाही. कुकरची शिट्टी चालू होती म्हणून मोठ्याने बोलावं लागलं.

कुकर बंद झाल्यावरही थोडा वेळ मोठ्यानेच बोलत होते, ते सवयीने.

२३ डिसेंबर, मंगळवार
उद्यापासून सुट्टी, आणि आज रात्री साडेआठला शाळेच्या ग्रुपवर मेसेज: सुट्टीत मुलांनी टाकाऊ वस्तूंपासून नाताळचं झाड करावं. मुलांनी! शाळेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे की ते झाड कोण करणार. बाप करणार नाही. बाप फॅक्टरीतून येऊन म्हणाला, वा, मजा आहे पूर्वाची.

टाइमटेबल केलं, फ्रिजवर लावलं. सकाळी ११ ते १२ आईंची शिकवणी. दुपारी ३ ते ५ मी विहारात मोफत अभ्यासवर्ग घेते, तो सुट्टीतही चालू राहील. पूर्वा त्या वर्गाला येत नाही. म्हणते, तिथे तू घरच्यापेक्षा जास्त ओरडतेस. त्या वेळात ती आजीजवळ थांबते आणि दोघी मेथी निवडतात. इतकी मेथी या घरात खातं कोण?

२४ डिसेंबर, बुधवार
शिकवणी, दिवस पहिला. पाटी, खडू, तक्ता, सगळं नवीन. मी म्हटलं, अ अननसाचा. आई म्हणाल्या, अननस मी उभ्या आयुष्यात दोनदा खाल्ला, दोन्ही वेळा जीभ सोलली. अ अभयचा घे की. मी म्हटलं, शास्त्रीय पद्धत ठरलेली असते. त्या म्हणाल्या, बरं बाई, आ कोणाचा? मी म्हटलं, आगगाडीचा. आता आगगाडी कोण म्हणतं, म्हणाल्या, आणि उठून डाळ बघायला गेल्या. परत आल्या नाहीत.

प्रगती: दोन अक्षरं.

आणखी एक. चहात साखर फार घालतात. पाक पितेय असं वाटतं. तोंडावर बोलणार नाही. वाद नको.

२५ डिसेंबर, गुरुवार
शेजारून केक आला. नवी कल्पना सुचली: एक अक्षर, एक तुकडा. प्रोत्साहन. मी गच्चीवर कपडे वाळत घालून येईपर्यंत आजी-नातींनी पूर्ण केक संपवला होता. पूर्वा म्हणाली, आई, आजीला सगळी अक्षरं आली! दोघी फिदीफिदी हसल्या. मी मुळीच रागावले नाही. ताट जरा जोरात ठेवलं. त्याचा काठ आधीच चेपलेला होता.

आज चहात साखर अजिबात नव्हती. एक दाणासुद्धा नाही. यालाच मौनाचा प्रभाव म्हणतात. न बोलता माणूस बदलतो.

२६ डिसेंबर, शुक्रवार
माझा पदवीदानाचा फोटो. काळा गाऊन, हातात गुंडाळी. हॉलमध्ये तोच एक फोटो माझा. आणि त्याच्या खिळ्याला आई भाजीची पिशवी अडकवतात! आज पिशवीत मुळे होते. त्यांचा पाला थेट माझ्या तोंडावर. या घरात माझ्या फोटोला काडीची किंमत नाही. कोणी कधी त्याच्याकडे मान वर करून बघितलं नाही. लिहिताना हात दुखतोय इतका राग आलाय.

लाल पेन सापडत नाही. अभ्यासवर्गाच्या वह्या कशाने तपासू?

२७ डिसेंबर, शनिवार
आंघोळ करून बाहेर आले तर माझ्या फोटोला झेंडूचा हार! काच पुसलेली, समोर उदबत्ती. जिवंत बाईच्या फोटोला! दूधवाला दारातच थबकला, चप्पल काढून हात जोडले आणि अभयला म्हणाला, कधी झालं हो? अभयने त्याला सावरायचं सोडून हसत भिंत धरली. मी आईंना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, किंमत केली. आता मान वर करून बघतात सगळे.

यांना माझ्या मनातलं कळतं कसं? पण खुलासा सोपा आहे. शिक्षणाच्या सहवासाने माणूस संवेदनशील होतो. माझा सहवास आहे.

वहीच्या कडेला हळदीचं बोट. माझंच असणार.

२८ डिसेंबर, रविवार
आज खरं लिहिते. शिकवणीचे पाच दिवस, आणि आई 'ग'ला 'म' म्हणतात. तेही माझ्याकडे बघत, हसत. मी चारदा सांगितलं, पाचव्यांदा तक्ता खाली टाकला. (हातातून निसटला.) अभय म्हणाला, तू आठ दिवस गप्प बसलीस तर ती आपोआप शिकेल. मी म्हटलं, तू शिकव मग. तो म्हणाला, माझी सेकंड शिफ्ट आहे. रविवारी!

मी समाजशास्त्र शिकले आहे, म्हणून भावनेच्या भरात नाही, विचार करून लिहिते: या बाईंना या जन्मात वाचता येणार नाही.

शिकवणी बंद. फ्रिजवरचं टाइमटेबल काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पूर्वाने झाडासाठी चांदणी काढली.

३० डिसेंबर, मंगळवार
कार्यक्रमपत्रिका छापून आली. 'उद्देशिकेचे वाचन: श्रीमती कांताबाई'. ठळक अक्षरात. इंदुबाईंनी आमच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, प्रियदर्शनी, कांताबाईंचं बघून आमच्या आणखी चार म्हाताऱ्या शिकायला तयार झाल्यात हं. जाताना माझी पाठ थोपटली. पाठ अजून जड आहे.

तीन तारखेला आई अडल्या तर त्या चार म्हाताऱ्या पुन्हा कधी पाटीला हात लावणार नाहीत. आणि मी विहारात तोंड दाखवणार नाही.

३१ डिसेंबर, बुधवार
मार्ग सापडला! आईंना उद्देशिका तोंडपाठ आहे. इतकी वर्षं विहारात ऐकून ऐकून. डोळे मिटून घडाघडा म्हणतात. मग फक्त हातात कागद धरायचा आणि म्हणायचं. हे खोटं नाही. याला नियोजन म्हणतात.

आईंना सांगितलं. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. त्या म्हणाल्या, बाजारात पस्तीस वर्षं बसले, सडका टोमॅटो खाली घालून कधी दिला नाही. कागद धरून नाटक मी करायची नाही, प्रिया. वाचलं तर वाचीन, नाहीतर नाही.

वाचलं तर! आत्मविश्वास बघा. सगळा दिवस चिडचिड झाली. लोक नववर्षाची पार्टी करतात, मी पुठ्ठ्याच्या झाडाला फेविकॉल लावला.

१ जानेवारी २०२६, गुरुवार
पहाटे मंडळाच्या बसने अभय आणि आई कोरेगावला गेले, विजयस्तंभाला वंदन करायला. पूर्वाला सर्दी, म्हणून मी घरी. संध्याकाळी आले. तिथे पुस्तकांचे स्टॉल असतात, आईंनी एक पुस्तक आणलं. पूर्वासाठी असणार. पण स्वतःच चष्मा लावून तासभर घेऊन बसल्या होत्या. चित्रं बघत असतील. मला वाईट वाटलं. मी नंतर चाळलं. आत एकही चित्र नाही. बिचाऱ्या.

नवीन वर्षाचा संकल्प: शांत राहणे. सकाळी ९ पर्यंत पाळला.

२ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६
शेवटचा उपाय. उद्या सकाळी इंदुबाईंना फोन करून सांगणार की आईंचा गुडघा दुखतो, स्टेजच्या पायऱ्या चढवणार नाहीत, त्यांच्या जागी मी वाचते. आईंना आधी सांगणार नाही, विहाराच्या हॉलमध्ये कळेलच. हे मी स्वतःसाठी करत नाही. आईंची फजिती होऊ नये म्हणून. शिवाय माझे उच्चार चांगले आहेत. ही गोष्ट मला आणि या वहीला सोडून कोणाला माहीत नाही.

वही आज डब्यावर उलटी ठेवलेली होती. पूर्वाला सांगायला हवं की तांदूळ काढताना वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात. सात वर्षांची घोडी झाली.

३ जानेवारी, शनिवार. दुपारी १२.३०
फोन केला. इंदुबाई हळहळल्या. पांढरी साडी इस्त्री केली. आई विचारत होत्या, तू का इतकी नटतेस? मी म्हटलं, प्रेक्षकांत बसायलाही नीटच जावं. त्या म्हणाल्या, हो ना. आणि हसल्या. पायऱ्या दोन दोन उतरून खाली गेल्या.

संध्याकाळी ७.४५
सगळं क्रमाने लिहिते.

इंदुबाईंनी माइकवर जाहीर केलं, कांताबाईंचा गुडघा दुखत असल्यामुळे उद्देशिका त्यांच्या सूनबाई वाचतील. मी पदर सारखा करून उठले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, गुडघ्याला काही झालेलं नाही. तो काल संध्याकाळपासून फक्त हिच्या डोक्यात दुखतोय. हॉल हसला. मी अर्धी उठलेली, अर्धी बसलेली. काल संध्याकाळपासून? यांना कोणी सांगितलं?

आई स्टेजवर चढल्या. चष्मा लावला. कागद धरला, त्याच्यावर बोट ठेवलं. माझ्या मनात आलं, शेवटी पाठच म्हणणार, माझंच ऐकलं. मग त्या 'सार्वभौम'पाशी अडल्या. पाठ असलेला माणूस अडत नाही. आणि पाठ म्हणताना त्या डोळे मिटतात. आज डोळे सताड उघडे होते. बोट एकेका अक्षराखालून सरकत होतं. हॉलमध्ये इतकी शांतता की कागदावर बोट घासल्याचा आवाज माइकमधून येत होता. शेवटपर्यंत वाचलं. स्वतःच्या डोळ्यांनी.

टाळ्या थांबेनात. समोरच्या त्या चार म्हाताऱ्या तर उभ्याच राहिल्या. इंदुबाईंनी विचारलं, कोणी शिकवलं? मी पदर पुन्हा सारखा केला. आई म्हणाल्या, नातीने. दिवाळीपासून, रोज दुपारी. अक्षरं आली तेव्हापासून रोज एक पान. पुस्तक कोणतं? तर म्हणाल्या, घरातलंच. गोष्ट चांगली आहे, लिहिणारीचं अक्षर सुंदर आहे, पण त्यातल्या सासूवर फार अन्याय केलाय.

पुन्हा हशा. अभय सर्वांत मोठ्याने.

दुसरीच्या पुस्तकात सासूचा धडा कुठे आहे, उद्या बघायला हवं. शाळेकडे तक्रार करीन.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७
पूर्वाचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. ससा आहे. सासू नाही.

मग ही वही मागे उलटली.

२४ तारखेचं पान. 'साखर फार घालतात' याच्याखाली लाल पेनची रेघ. समासात पूर्वाचं अक्षर: आजी, हा शब्द पुन्हा वाच.
२६ तारीख. 'काडीची किंमत नाही'. बाजूला: जोडाक्षर नाही, सोपं आहे.
२८ तारीख. 'या बाईंना या जन्मात वाचता येणार नाही.' त्याच्यापुढे मोठा तारा. आजीने न अडखळता वाचलं. १० पैकी १०. शाब्बास.

पेटीतून जुनी वही काढली. दोनशे पानं. दिवाळीपासून. पहिल्या पानावर नुसती अक्षरांना गोल. मग शब्दांना. मग ओळींना. बी. ए.ला हुकलेल्या फर्स्ट क्लासबद्दल मी चार पानं लिहिली होती, त्यांच्याखाली पेन्सिलने एकच शब्द: बिचारी.

कालच्या पानाच्या तळाशी पेन्सिलने एक ओळ आहे. चढावर चालल्यासारखी, वर वर गेलेली:

'अक्षर मोठं काढत जा. रागात बारीक होतं.'

खाली सही. पूर्ण नाव. पहिल्या अक्षराला दोनदा गिरवलंय.

स्वयंपाकघरातून आईंनी विचारलं, लिहून झालं का? मग चहा घे.

आज लिहायला काही नाही. चहा झकास आहे. साखर बरोबर.