दाराकडे जाणारा पट्टा

धाकट्या,

आई गेल्यावर मला एकटीला एवढं घर काय करायचंय, म्हणून सोडतेय. मालकांनी भिंती स्वच्छ करून मागितल्यात. सकाळपासून साबणाच्या पाण्याची बादली घेऊन घासत बसलेय.

शेवटी शेवटी आई भिंतीला धरूनच चालायची. तिच्या तळव्याचा मळकट पट्टा घरभर उमटलाय. मला वाटलं, बाथरूमकडे जाणारा सगळ्यात काळा असेल. पण सगळ्यात काळा निघाला तो बाहेरच्या दाराकडे जाणारा. जिन्यात पावलं वाजली की ती उठायची. "कुठे निघालीस?" विचारलं, की म्हणायची, "कुठे नाही गं, जरा पाय मोकळे करते."

आणि तू दर फोनवर, "येतोच आता!" तेव्हा मी तुला काही बोलले नाही. हे पत्रही टाकणार नाही. तुला रडवून मला काय मिळणार?

कडीशेजारी तिचा अख्खा पंजा आहे. त्यावर फडकं ठेवलं, पण हात पुढे सरकेना. मालक ओरडले तर ओरडू देत. बाकी सगळं मी पुसलंय रे. एवढा तुझ्या वाटणीचा ठेवलाय.

ताई