बापूंच्या मानेतले दोरे

१९ डिसेंबर २०२४
बापू मोटारसायकलवरून पडले त्याला आज सहा आठवडे. कळंबच्या रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, हे तांड्यात चाळीस वेळा सांगून झालंय — दर वेळी रोही वीतभर वाढतो! उजवा हात मात्र तसाच. खांद्यापासून नुसता लोंबतो. डोक्याचा पटका आता याडी बांधून देते. ही माझी आई सगळ्यात हुशार, पण पटका वाकडाच! बापू विचारतात, "नवरदेव दिसून राह्यलो का?"

२३ डिसेंबर
एमआरआयमध्ये नसांच्या मुळांचं धड कळलं नाही. डॉक्टर सलील म्हणाले, सीटी करू — कमरेतून सुईनं मणक्यात औषध सोडून. आणि यवतमाळच्या त्या सेंटरात सीटी चालवतं कोण? मी! बापूंनी लगेच सरपंचाला फोन लावला. "माह्यी वर्षा माह्या आतमधी पाह्यनार हाय!" जणू लग्नाचं आमंत्रण.

२६ डिसेंबर
नवा सदरा घालून आले. काढायचा असतो म्हटल्यावर रुसले.
"आतमधी सगळंच दिसते का व?"
"सगळं."
"तंबाखू बी?"
"कोणत्या खिशात आहे तेही."
गुपचूप पुडी काढून माझ्या हातात दिली!

मग चित्रं आली. मशीन नवीन आहे, फार बारीक दाखवतं. औषध पांढरं दिसतं आणि नसेचं मूळ त्यात काळ्या दोऱ्यासारखं. एका हाताला अशी पाच मुळं. डावीकडे पाच मोजली. उजवीकडे — एक. बाकी चार ठिकाणी दोरा नाहीच, नुसता पांढरा फुगा. परत मोजली. परत एकच.

रिपोर्ट डॉक्टरनं सांगायचा, टेक्निशियननं नाही. बापू बाहेर आले.
"काय दिसलं व?"
"तंबाखू."
हसले नाहीत. "हात गेला का माहा?"
"डॉक्टर सांगतील, बापू."
"बरं." डाव्या हातानं सदऱ्याची बटनं लावत बसले. मी लावून दिली नाहीत. हात लावला असता तर मीच रडले असते.

२७ डिसेंबर
याडीला अजून सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

३० डिसेंबर
चार मुळं मणक्यातून उपटली आहेत, आपोआप जुळणार नाहीत — डॉक्टरांनी आज तिघांसमोर सांगितलं. नागपूरला ऑपरेशन. बरगड्यांमधल्या श्वासाच्या नसा काढून दंडाला जोडायच्या. जमलं तर कोपर वाकेल. वर्ष लागेल. खात्री नाही.
बापू म्हणाले, "म्हंजे झोपेत बी हात हालन? इले मार बसन न!"
याडी म्हणाली, "बसू द्या. हालू तर द्या."

११ फेब्रुवारी २०२५
नागपूर. सहा तास चाललं. झालं.

२ जुलै
काही नाही. फिजिओथेरपीचे व्यायाम टाळतात. आज विचारलं, "मशीन कधी खोटं बोलते का?" मी नाही म्हटलं. हो म्हणायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर
सकाळी व्यायामावरून याडीनं बापूंना झाप झाप झापलं. उलटून बोलायला त्यांनी छाती भरून श्वास घेतला — आणि कोपर वाकलं! हात चार बोटं वर आला, परत पडला.
मग याडी म्हणाली, "अजून झापू का?"