चार वर्षांचा करार

प्रिय धाकट्या,

तुला आमच्या बास्केटबॉल क्लबात चार वर्षांसाठी घ्यावं का, हे काल मॅनेजरांनी मला विचारलं. "सख्खा भाऊ आहे, मला नका विचारू," मी म्हटलं. ते म्हणाले, "संघाच्या फिजिओथेरपिस्ट तुम्ही. मग काय वॉचमनला विचारू?"

तू छत्तिशी ओलांडलीस. चाचणीत तुझे पास पाहून पोरं टाळ्या वाजवत होती. पण नंतर बूट काढताना तू वाकला नाहीस. एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून बूट ओढलास. मी तपासत असताना तुझी बडबड चालू होती, गुडघा वळवला की मात्र तू गप्प व्हायचास. मी मत दिलं, एक वर्ष, जास्त नको. दुसरा क्लब तीन वर्षं देतोय, म्हणजे तू तिकडे जाणार, हे ठाऊक असूनही.

आई गेल्यापासून या घरात फक्त रेडिओ बोलतो. तू यावास म्हणून जीव तुटत होता, म्हणूनच मला माझ्या 'हो'चा भरवसा वाटेना. पण 'नको' तरी गुडघ्यामुळेच म्हटलं, की पक्षपाताचा ठपका टाळायला?

आज तुझा फोन आला. "ताई, काय मत दिलंस?"

"ते सांगता येत नाही." हे पत्रही निर्णय झाल्यावरच पोस्टात टाकीन.

"म्हणजे चांगलंच दिलंस! मग तुझ्या गल्लीत घर बघून ठेव. तळमजल्यावरचं हं."

संध्याकाळी मी एक घर बघून आले. कधीपासून हवंय, असं घरमालकिणीने विचारलं. मी म्हटलं, "भावाला विचारून सांगते."

तुझी,
ताई