आईच्या शालीवरचा ठपका

मी, दार्ता काल्वाने, वय सव्वीस, राहणार सिगुल्दा, रेल्वे फाटकाजवळचे पिवळे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना आणि कोणी भरीस न घालता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मान तेवढी नाही. येत्या नऊ तारखेला रीगाच्या इस्पितळात माझ्या मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण कागदपत्रं नीट लावून ठेवा." त्यातले दुसरे मी मनावर घेतले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखे काही नाही.

१. घर आईवडिलांचे आहे, ते माझ्या हातात नाही. बँकेत माझ्या नावावर जे काही असेल ते सगळे आई बाइबा काल्वाने हिला मिळावे. ते तिने दातांवर खर्च करावे. वडील ते छपरावर खर्च करायला सांगतील. त्यांचे ऐकू नये. छप्पर माझ्या जन्माआधीपासून गळते आहे आणि दात अलीकडचे आहेत.

२. माझी ल्यूजची गाडी, म्हणजे बर्फावरची घसरगाडी. अठरा वर्षे मी तिच्यावर पाठ टेकून, पाय पुढे करून बर्फाच्या त्या नळीतून खाली येत राहिले. डोके वर उचलले की वारा अडतो आणि वेळ जातो, म्हणून डोके मागे टाकायचे आणि पुढचे वळण खांद्यांनी ओळखायचे. माझी मान त्यातच कामातून गेली. मागच्या फेब्रुवारीत शेवटच्या वळणावर गाडी उलटली, ते फक्त निमित्त.

गाडीचा सांगाडा क्लबचा आहे, तो क्लबला परत करावा. खालची दोन पोलादी पाती मात्र माझी आहेत. वडिलांनी ती रेल्वेच्या कार्यशाळेत सुट्टीच्या दिवशी घडवली. ती माझी सहकारी लीवा ओझोला हिला द्यावीत. हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू गेलीस तर पाती माझी?"

"हो."

"आणि वाचलीस तर?"

"तर हात लावायचा नाही."

"मग मी देवाकडे नेमकं काय मागू, ते एकदा नक्की कर बाई."

लीवा, पाती खरखरीत कागदाने घासू नकोस. माझे मागणे एवढेच.

३. बोटांना खिळे लावलेले माझे हातमोजे वडिलांना, म्हणजे ओल्गेर्त्स काल्वान्स यांना. सुरुवातीला आम्ही बर्फावर पंजे मारून गाडीला वेग देतो, त्यासाठी ते असतात. वडिलांनी ते घालून हिवाळ्यात सरपण आणायला जावे. दर वर्षी ते त्याच पायरीवर पडतात आणि दर वर्षी पायरीला शिव्या देतात.

४. माझे पदवीचे प्रमाणपत्रही वडिलांनाच. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. मी रीगाला उष्णतेचे शास्त्र शिकले तेव्हा ते फलाटावरच्या प्रत्येकाला सांगत, "पोरगी लोखंड थंड कसं होतं ते शिकतेय." एकदा तिकीटवाला म्हणाला, "त्याला शिकायचं काय? ठेवून द्यायचं, होतं थंड." वडील घरी येऊन हे सांगत हसले होते. मीही हसले. पण लोखंड किती वेळात थंड होते, हा प्रश्न माझ्यासाठी हसण्याचा नव्हता. त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

५. आईची राखाडी लोकरीची शाल. ती माझी नाही, तरी तिच्याबद्दल मला लिहायचे आहे. हे सगळे मृत्युपत्र खरे तर तिच्यासाठीच आहे.

पूर्वी आई ल्यूजच्या ट्रॅकवरच्या उपाहारगृहात सूप करायची. क्लबची सगळी मुले तिच्या हातचे वाटाणे आणि राय धान्याचा पाव खाऊन मोठी झाली. मी सोळा वर्षांची असताना युवा संघाच्या निवडीची शर्यत इथेच, आमच्याच ट्रॅकवर झाली. कोच विस्वल्दिस क्राउक्लिस यांनी माझी गाडी त्यांच्या व्हॅनमधून आणली आणि स्टार्टपाशी ठेवली. ओला बर्फ पडत होता. आई मला चहा द्यायला वर आली होती. गाडी भिजू नये म्हणून तिने खांद्यावरची शाल काढून तिच्यावर टाकली.

पाती कोमट असली की खालच्या बर्फाला पाणी सुटते आणि गाडी जास्त पळते. ही फसवणूक आहे, म्हणून शर्यतीआधी प्रत्येकीच्या पात्यांचे तापमान घेतात. माझी पाती मर्यादेच्या पुष्कळ वर निघाली. मोजणाऱ्या माणसाने मान वर करायच्या आत क्राउक्लिस ओरडले, "बाइबा! काय करून ठेवलंस हे! लोकर घातलीस पात्यांवर? अगं, अंडी उबवतेस का?"

सगळे हसले. आईने सगळ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "हो, चुकलं माझं."

मी बाद झाले. मीही तिचे म्हणणे खरे मानले आणि घरी जाताना तिच्याशी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात तिने उपाहारगृह सोडले. आता ती एका धुलाईच्या दुकानात हॉटेलांच्या चादरी धुते. तेव्हापासून गावात कोणी काही विसरले, सांडले, बिघडवले की लोक म्हणतात, "शाल घातलीस वाटतं." तिच्या नामदिनाला, म्हणजे कॅलेंडरात तिच्या नावाचा जो दिवस असतो त्या दिवशी, पूर्वी आमच्याकडे बसायला जागा उरत नसे. नामदिनाला बोलावणे नसते, म्हणून न येणाऱ्याला निमित्तही शोधावे लागत नाही. आई अजून दर चार डिसेंबरला बेदाण्यांचा तो मोठा गोल गोड पाव, क्लिंगेरिस, भाजते. आम्ही तिघे तो आठवडाभर खातो. शेवटी तो दुधात बुडवून खावा लागतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी तशीच पाती, तीच शाल आणि तसाच ओला गारठा घेऊन प्रयोग केला. पुढच्या दोन हिवाळ्यांत पुन्हा केला. उबदार खोलीतून आणलेली पाती शालीखाली ठेवली तरी शर्यतीच्या वेळेपर्यंत मर्यादेत येतात. येत नाहीत ती फक्त मुद्दाम तापवलेली. शाल निर्दोष आहे. हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही, मोजून म्हणते.

६. कोच विस्वल्दिस क्राउक्लिस यांना मी गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या देते. नव्या आहेत, पावतीसकट. त्या का, हे त्यांना समजेल, इतरांसाठी लिहिते.

अपघातानंतर मानेला पट्टा लावून मी त्यांच्या घरी गेले होते. ते अंगणात लाकडे रचत होते. मी म्हणाले, "कोच, शालीनं ते होत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तीन हिवाळे मोजलंय."

ते हसले. "शिकवलं नि तू आम्हालाच शिकवायला लागलीस. बरं, नव्हतं झालं शालीनं. पिशव्या बांधल्या होत्या व्हॅनमध्ये, गरम पाण्याच्या. तेव्हा सगळेच काही ना काही करायचे."

"मग आईचं नाव का घेतलंत?"

"अगं पोरी, कोणाचं तरी घ्यावंच लागतं. माझं घेतलं असतं तर क्लब बुडाला असता. तुझं घेतलं असतं तर तू बुडाली असतीस. बाइबाचं काय जाणार होतं? सूपच ढवळायची ना!"

आणि लाकडाचा पुढचा ओंडका उचलून त्यांनी विचारले, "मान कशी आहे?"

घरी येऊन मी आईला विचारले. ती बीट सोलत होती. सोलतच राहिली. "शाल घालताना हात लागला होता पात्यांना. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याची ती ओरड ऐकली आणि समजलं. मुद्दाम केलं असं ठरलं तर तुझ्यावर बंदी येणार. अडाणी आईची चूक ठरली तर एक शर्यत जाणार. एक शर्यत स्वस्त पडली."

त्यानंतर मी दहा वर्षे देशासाठी खाली आले. माझा सर्वांत चांगला क्रमांक चौथा. चौथ्याला पदक नसते. मिळतो तो हस्तांदोलनाचा फोटो, आणि त्यातही तो कडेला असतो. एवढ्यासाठी आईने आपल्या नावाने किंमत मोजली. हे मला कोणी विचारून केले नव्हते आणि परत करायची सोयही ठेवली नव्हती.

~~७. माझ्या मृत्यूनंतर पहिल्या सरावाच्या दिवशी हा कागद स्टार्टच्या खोलीत सर्वांसमोर मोठ्याने वाचावा.~~

वरचे कलम मी खोडले आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे. काल जेवताना मी ते आईला वाचून दाखवले.

"मेल्यावर वाचणार?" तिने विचारले.

"हो. तेव्हा मला कोणी अडवू शकणार नाही."

"आणि मग लोक येतील आपल्याकडे. तुझ्या मयताला. मयताला काय, तसेही येतात."

वडील म्हणाले, "बाइबा, ऑपरेशनच्या तोंडावर मयताच्या गोष्टी नकोत."

"मी काढल्या? कागद ती घेऊन आलीय टेबलावर." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तू नसताना माझं नाव धुऊन निघालं, तर ते नाव घेऊन मी कुठे मिरवू? मला नामदिनाला माणसं हवीत, दार्ता. तू घरात असताना. नाहीतर राहू दे."

दहा वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट आहे.

७ (दुरुस्त). हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. येत्या चार डिसेंबरला सकाळी, सरावाआधी, स्टार्टच्या खोलीत, कोच क्राउक्लिस यांच्यासमोर मी हा कागद पहिल्या ओळीपासून स्वतः वाचणार आहे. पिशव्याही त्याच वेळी देईन. त्यानंतर शस्त्रक्रिया कितीही चांगली झाली तरी या क्लबमध्ये मला गाडीवर कोणी बसवणार नाही, हे मी जाणते. लीवा, तुझ्या प्रार्थनेचा प्रश्न त्यामुळे सुटला. पाती कोणत्याही परिस्थितीत तुझीच; ती आजच देते, म्हणजे तू वारस उरत नाहीस आणि साक्षीला सही करू शकतेस.

वाचून झाल्यावर मी घरी जाईन. क्लिंगेरिस नेहमीएवढाच मोठा असेल. दार लोटलेले असेल, कडी नसेल.

लिहिले ते सर्व खरे आहे आणि त्यासाठी मी कुठेही उभी राहायला तयार आहे.

दार्ता काल्वाने (सही)
सिगुल्दा, २ डिसेंबर

साक्षीदार पहिली: लीवा ओझोला (सही). "वाचून, समजून आणि घाबरत सही केली."

साक्षीदार दुसरा: ____________

ही ओळ चार डिसेंबरला संध्याकाळी आमच्या टेबलावर भरायची आहे. जो कोणी येईल त्याने सही करावी. आईवडील वारस असल्यामुळे त्यांना सही करता येत नाही. कोणीच आले नाही तर ओळ कोरी ठेवावी, आणि तीही या गावाची साक्षच धरावी.