जागेवरून उठू नका

सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि अख्खं ऑफिस माझं एकट्याचं! मूळ ऑफिस नदीपलीकडे. तिथे आग लागो, पाणी शिरो, सगळ्यांनी इथे येऊन काम चालू ठेवायचं, म्हणून ही हुबेहूब दुसरी जागा. तीच टेबलं, तेच फोन, प्रत्येकाची ठरलेली खुर्ची. मी धूळ झटकायची, कॉम्प्युटर चालू करून बघायचे, बाकी वेळ नुसतं बसायचं. ताई तिकडे हिशेब खात्यात आहे. तिनेच मला इथे चिकटवलं. म्हणाली, आयतं बसून खायला तुझ्याइतका लायक माणूस कुठे मिळणार. तिच्या इथल्या खुर्चीवर मी घरून उशी आणून ठेवली. तिची पाठ दुखते.

मंगळवार
साहेबांनी तिकडून फोनवर पहिलं काम दिलं. तिकडची आगीची घंटा इथून बटण दाबून वाजवायची आणि सगळ्या मजल्यांवर ऐकू येते का, ते तपासायचं. पण घंटा झाली की लोक जिने उतरतात आणि कामाचा खोळंबा होतो. मी शक्कल लढवली. सगळ्यांना कळवलं, की या आठवड्यात घंटा वाजली तर सराव समजा, जागेवरून उठू नका. साहेब खूश. ताईने फोनवर शाबासकी दिली, वर माझ्याकडूनच चहा उकळायचं ठरवलं.

बुधवार
जेवून आलो तर खिडकीजवळची खुर्ची मागे ओढलेली. हात लावला, बैठक गरम. ती तिकडच्या टायपिस्ट बाईंची जागा. खोलीत जळकट वास. वायरी तपासल्या, सगळं ठीक. ताईला सांगितलं तर हसली. म्हणाली, एकटा बसून डोकं फिरलंय तुझं, बाई इथे माझ्या शेजारी डबा खातायत.

गुरुवार
आणखी खुर्च्या मागे ओढलेल्या, गरम. टेबलांवर काजळीची बोटं उमटलेली. दिसत कुणीच नाही, पण खोकतात. साहेबांना कळवलं, म्हणाले, दोन दिवस रजा घे.
ताईची खुर्ची अजून थंड आहे. तिच्या उशीवर हात ठेवून बसलोय. फार भीती वाटते.

शुक्रवार
सगळ्या खुर्च्या भरल्या. साहेबांचीही. ताईची सोडून—
फोन लावला. तिने उचलला. मागे घंटा वाजत होती. आज मी चाचणी लावलेलीच नाही. ओरडून सांगितलं, ऊठ, सगळ्यांना घेऊन बाहेर पड. ती म्हणाली, अरे, तूच ना सांगितलंस उठू नका म्हणून, सगळे शहाण्यासारखे बसलेत बघ. मग खोकली. फोन बंद.
पुन्हा लावतोय— लागत नाही—
कुणीतरी खोकलं. इथे. ताईच्या टेबलापाशी.
उशी हळूहळू दब—